सात महिने न भरलेली जखम आणि अंगठा काढण्याचा सल्ला

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचे वय ६३, मधुमेह १४ वर्षांपासून, उजव्या तळपायाला अंगठ्याच्या मुळाशी सात महिन्यांपासून जखम, घरी रोज ड्रेसिंग, अँटिबायोटिकचे तीन कोर्स, तरी जखम आहे तेवढीच. आता एका डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला आहे, तर त्याआधी एखादे अधिक चांगले मलम किंवा महागडे ड्रेसिंग वापरून पाहावे का? ओघात आपण आणखी एक वाक्य लिहिले आहे: जखम मुळीच दुखत नाही, त्यामुळे बाबा रोज दुकानात जाऊन बसतात. मी गेली २६ वर्षे शल्यचिकित्सक म्हणून प्रामुख्याने अशाच जखमा पाहत आलो आहे, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे.

मलमाचे उत्तर आधी देऊन टाकतो. सात महिने न भरलेली जखम मलम बदलल्याने भरत नाही. जखम भरून काढण्याचे काम शरीरच करत असते आणि पट्टीकडे त्या काळात ओल राखण्याचे व आडोसा देण्याचे एवढेच काम असते. म्हणून 'काय लावू?' हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी विचारायचे ते हे, की शरीराला त्याचे काम करू न देणारे तिथे काय आहे. तळपायाच्या जखमेत ते बहुधा तीनांपैकी एक, दोन किंवा तिन्ही असते: पावलागणिक पडणारा दाब, अपुरा रक्तपुरवठा, आणि हाडापर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग. या तिन्हींचा स्वतंत्र शोध घेतल्याखेरीज अंगठा ठेवावा की काढावा हे कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

न दुखण्यापासून सुरुवात करू. तळपायाला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले आहे आणि माणूस त्यावर चालत दुकानात जातो, याचा अर्थ त्या पायाची संवेदना गेलेली आहे. आपल्या पायाला चुकून खडा टोचला तर आपण नकळत लंगडतो, भार दुसऱ्या पायावर घेतो, आणि या लंगडण्यामुळेच जखम भरते. वडिलांचा पाय लंगडत नाही. प्रत्येक पावलाला जखमेवर पूर्ण भार येतो आणि रात्रभरात तयार झालेले कोवळे मांस सकाळी अंघोळीला जाईपर्यंत चिरडले जाते. ही गोष्ट आपल्याकडे आधी कळली ती कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामातून दाखवून दिले की कुष्ठरोग्याचे मांस काही वेगळे किंवा 'सडके' नसते. त्याला वेदना कळत नाही म्हणून तो जखमेवर चालत राहतो, आणि त्याच पायाला प्लास्टर घालून भार काढला की ती जखम इतर कोणाच्याही जखमेसारखी भरते. मधुमेहाच्या पायालाही हेच लागू पडते.

संवेदना घरी तपासण्याची एक सोपी रीत आहे. वडिलांना डोळे मिटून पडू द्यावे आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श कळला की त्यांनी 'हो' म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी उत्तर आले नाही तर संवेदना कमी झाली आहे असे धरावे. दवाखान्यात हीच तपासणी दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने करतात आणि तिला दोन-तीन मिनिटे लागतात. सात महिन्यांत ती कोणी केली होती का, हे आठवून पाहावे.

त्यानंतर चप्पल पाहावी. टाच चार महिने भरत नाही म्हणून एक ऊस बागायतदार माझ्याकडे आले होते. फाईल जाडजूड होती, त्यात रक्ताचे सगळे रिपोर्ट होते, तीन प्रकारच्या महागड्या ड्रेसिंगची बिले होती. मी त्यांची चप्पल मागितली तेव्हा त्यांना संकोच वाटला. आतून बोट फिरवले तर टाचेच्या जागी माझ्या बोटाला खिळ्याचे टोक टोचले, चांभाराने मारलेल्या खिळ्याचे, जेमतेम दोन मिलिमीटर वर आलेले. त्यांना ते चार महिन्यांत एकदाही जाणवले नव्हते. आपल्या वडिलांच्या बाबतीत खिळा असेलच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी, ज्या हाडाच्या डोक्यावर पाऊल उचलताना भार येतो त्या जागी, घट्टा वाढून त्याच्याखाली जखम होणे हे याचे सर्वांत नेहमीचे रूप आहे. त्या घट्ट्याला लोक कुरूप किंवा भोवरी समजून ब्लेडने कापतात अथवा औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावतात. त्या पट्टीत आम्ल असते आणि संवेदना नसलेल्या पायाला ते खोलवर भाजते. हे दोन्ही करू नये.

आता रक्तपुरवठा. अंगठा काढण्याचा सल्ला मिळाला आहे म्हणून ही तपासणी आपल्यासाठी सर्वांत तातडीची आहे. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात; ते साधारण ०.९ ते १.३ च्या दरम्यान असावे. ०.९ च्या खाली आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. मधुमेहात मात्र एक गोम आहे. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या पाइपसारख्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत आणि आकडा खोटा चांगला येतो, कधी १.४ च्याही वर. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार थोडी असते आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे लगेच जावे लागते. निदान कलर डॉप्लर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तरी झालीच पाहिजे. पायाला हात लावून 'गरम आहे, म्हणजे रक्त आहे' असे म्हणणे पुरेसे नाही, कारण मधुमेहात त्वचेचे मज्जातंतू बिघडल्याने पाय गरम लागू शकतो.

रक्तपुरवठा आधी का तपासायचा हे आपल्याला स्पष्ट कळावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. रक्त न पोहोचणाऱ्या पायाचा अंगठा काढला तर शस्त्रक्रियेची जी नवी जखम होते, तिलाही तेच अपुरे रक्त मिळते. ती काळी पडते. मग पाऊल अर्धे काढावे लागते, मग गुडघ्याखाली. हा क्रम मी इतक्या घरांत पाहिला आहे की रक्तपुरवठा न तपासता सुचवलेल्या शस्त्रक्रियेला संमती देऊ नका असे मी कोणालाही सांगेन, मग सल्ला देणारे डॉक्टर कितीही मोठे असोत. उलट, अरुंद झालेली धमनी अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने उघडून दिली तर पुष्कळदा तीच जखम त्याच साध्या ड्रेसिंगवर भरू लागते. आणि रक्त चांगले असेल तरी अंगठा काढणे ही छोटी गोष्ट नाही. पाऊल पुढे टाकताना त्याच्यावर येणारा भार शेजारच्या हाडांवर सरकतो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसऱ्या बोटाखाली नवी जखम होण्याची वाट मोकळी होते.

हाडाचा प्रश्न तिसरा. सात महिने जुनी, खोल, हाडाच्या डोक्यावर बसलेली जखम असताना हाडात संसर्ग शिरला आहे का हे पाहिलेच पाहिजे. जखम स्वच्छ करून निर्जंतुक बोथट सळई आत घातली आणि तळाशी टणक, खरखरीत हाड लागले तर शंका बळावते. ही तपासणी डॉक्टरांनीच करायची. एक्स-रेमध्ये हाडाचा बदल पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसत नाही, पण सात महिन्यांनी बहुधा दिसावा; तरीही संभ्रम राहिला तर एमआरआय करतात. हाडात संसर्ग असेल आणि हाड काढले नाही तर अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे द्यावे लागते. पाच-पाच दिवसांचे तीन कोर्स दिले म्हणजे त्याची बेरीज होत नाही. त्यातून नेमके तेच जंतू मागे उरतात ज्यांना ते औषध लागू पडत नाही.

येथे उलट बाजूही सांगायला हवी. जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू असे काहीच नसेल आणि हाडही निर्दोष असेल तर ती जखम संसर्गित नाही, आणि संसर्ग नसलेल्या जखमेला अँटिबायोटिकने काडीचाही फायदा होत नाही. प्रत्येक उघड्या जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच. म्हणून वरवर कापूस फिरवून पाठवलेल्या स्वॅबचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येणे यात आश्चर्य नाही, आणि त्या कागदावरून औषध ठरवणे चुकीचे आहे. संसर्गाची लक्षणे असतील तर जखम साफ करून, मेलेले मांस काढून, मग खोलवरचा मांसाचा किंवा हाडाचा तुकडा तपासणीला पाठवायचा असतो.

रक्तपुरवठा पुरेसा आहे आणि मोठा संसर्ग नाही असे ठरले, तर उपचाराचा गाभा म्हणजे भार काढणे. वडिलांना 'जास्त चालू नका' असे सांगणे हा उपचार होत नाही. ते स्वच्छतागृहापर्यंत चालतील, दाराची बेल वाजली की उठतील, आणि जखमेला तेवढे पुरते. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पायाला घट्ट बसणारे, तळव्याच्या प्रत्येक खळग्याला चिकटून राहणारे विशेष प्लास्टर घालतात, त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. त्यात भार एका बिंदूवर न पडता पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. पहिले प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदलतात, कारण सूज उतरून ते सैल होते, आणि नंतर आठवड्याला एकदा. तळपायाच्या संवेदनाहीन जखमा यात बहुधा सहा ते बारा आठवड्यांत भरतात. सात महिन्यांच्या ड्रेसिंगनंतर हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण मी ते शेकडो पायांवर पाहिले आहे.

प्लास्टर नको, काढता येईल असा बूट द्या, अशी मागणी जवळजवळ प्रत्येक घरातून येते. अंघोळ, पूजा, झोप अशी कारणेही खरी असतात. अडचण एवढीच, की काढता येणारी वस्तू काढली जाते. अमेरिकेत अशा रुग्णांच्या बुटात आणि कमरेला पावले मोजणारी यंत्रे लावून पाहिले, तेव्हा दिवसभराच्या चालण्यापैकी जेमतेम २८ टक्के चालणे त्या बुटात झालेले आढळले. आपल्याकडे, जिथे घरात शिरताना पादत्राण बाहेर काढतात, हा आकडा अधिक असेल असे मला वाटत नाही. म्हणून मी तोच बूट देतो आणि वरून प्लास्टरच्या पट्टीचे दोन वेढे घालून तो काढता येणार नाही असा करून टाकतो. आपल्या गावात प्लास्टर घालणारे कोणी नसेल तर जखमेची जागा मोकळी ठेवून तिच्याभोवती तळव्याला चिकटवलेला जाड फेल्ट किंवा फोम, आणि सोबत वॉकर, हा कमी प्रतीचा पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगला पर्याय आहे. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा पू वाहत असेल तेव्हा बंद प्लास्टर घालायचे नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला जखम 'तासावी' लागते. कडेचा पांढरा, घोड्याच्या खुरासारखा कडक घट्टा आणि तळाचा पिवळट चिकट थर धारदार पात्याने काढतात. संवेदना नसल्याने भूल लागत नाही. रुग्णाला दुखत नाही, पण बाजूला उभ्या असलेल्या मुलाला घेरी येते, म्हणून मी नातेवाइकांना खुर्चीवर बसवूनच हे काम करतो. तासल्यानंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, एक रुपयाच्या नाण्याची दहा रुपयांचे नाणे झालेली. 'डॉक्टरांनी जखम वाढवली' म्हणून कित्येक जण याच टप्प्यावर डॉक्टर बदलतात. जखम तेवढी होतीच, घट्ट्याने झाकलेली होती.

आता ड्रेसिंग, ज्याविषयी आपण मुळात विचारले होते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले की पातळ पॉलिथिनखाली ओलसर ठेवलेली जखम उघडी ठेवून खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने त्वचेने झाकली जाते. साठ वर्षे उलटली, तरी 'जखमेला हवा लागू द्या, वाळू द्या' हा सल्ला आपल्याकडे अजून ऐकू येतो. जखम ओलसर हवी, पण भोवतालची कातडी कोरडी हवी. ती खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी सुरकुतलेली दिसू लागली तर पट्टी कमी शोषते आहे किंवा उशिरा बदलली जाते आहे असे समजावे. जखम धुण्यासाठी सलाइन उत्तम. बाटली उघडली की चोवीस तासांत संपवावी किंवा टाकावी. ते नसेल तर उकळून गार केलेले पाणी चालते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून घाण निघते आहे असे वाटते, पण तो जंतूंबरोबर नवीन पेशीही मारतो. स्पिरिट आणि दाट पोव्हिडोन आयोडीन यांचेही रोजच्या वापरात तेच. अँटिबायोटिकची पावडर जखमेत गोळा होऊन सिमेंटसारखा थर बनते आणि तो मला पुढच्या वेळी खरवडावा लागतो. हळद, चुना, तंबाखू, कोरफड, चप्पल जाळलेली राख हे सारे मी जखमांतून काढले आहे. हळदीवर माझा राग नाही. ती वरणात असू द्यावी.

फोम, अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून केलेली शोषक पट्टी), हायड्रोजेल, चांदीयुक्त पट्ट्या, जखमेतला स्राव ओढून घेणारे निर्वात दाबाचे यंत्र, या सर्वांना आपापली जागा आहे. जास्त पाझरणाऱ्या जखमेला फोम किंवा अल्जिनेट, कोरड्या पडलेल्या जखमेला जेल, एवढे ढोबळ मानाने पुरे. निर्वात दाबाचे यंत्र शस्त्रक्रियेनंतरच्या खोल खड्ड्याला चांगले काम देते, पण मेलेल्या मांसावर किंवा उपचार न झालेल्या हाडाच्या संसर्गावर ते लावणे म्हणजे कचऱ्यावर सतरंजी घालणे होय. पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेले प्लेटलेटयुक्त द्रावण), वाढ-घटकांची जेल आणि प्राणवायूच्या दाबकक्षातील उपचार यांचा विचार भार, रक्त आणि हाड या तिन्हींची सोय लावूनही जखम अडली तरच करावा. यांपैकी काही पहिल्याच भेटीत, पायातली नाडीही न पाहता सुचवले गेले, तर नम्रपणे उठावे.

योग्य उपचार चालू आहेत की नाही हे आपल्याला घरबसल्या ओळखता येते, त्यासाठी एक मोजपट्टी पुरते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, जखमेशेजारी पट्टी धरून फोटो काढावा आणि सर्वांत जास्त लांबी व तिला काटकोनात रुंदी लिहून ठेवावी. आज ३ गुणिले २ म्हणजे ६ चौरस सेंटिमीटर असेल, तर चार आठवड्यांनी ती ३ किंवा त्याहून कमी व्हायला हवी. निम्मी झाली नाही तर उपचारात काहीतरी चुकते आहे. मग तेच ड्रेसिंग पुढे चालू न ठेवता रक्तपुरवठा, दाब आणि हाड पुन्हा पहिल्यापासून तपासायचे. सात महिने म्हणजे असे सात फेरविचार व्हायला हवे होते.

फेरविचार न केल्याची माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांच्या नडगीवर, लहानपणी भाजलेल्या व्रणातच, जखम झाली होती. पाच महिने मी तिला निष्ठेने ड्रेसिंग केले. तिच्या कडा उंचावून फुलकोबीसारख्या झाल्या तेव्हा कुठे तुकडा तपासायला पाठवला, आणि तो त्वचेचा कर्करोग निघाला. जुन्या व्रणातल्या अशा रोगाला १८२८ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या मार्जोलँ यांचे नाव आहे आणि परीक्षेत मी त्यावर पूर्ण गुणांचे उत्तर लिहिलेले होते. तेव्हापासून तीन महिन्यांत न भरलेल्या, कडा उंचावलेल्या किंवा सहज रक्त येणाऱ्या जखमेचा तुकडा मी कडेवरून काढून पाठवतोच.

सगळ्याच चिवट जखमा अशा नसतात, म्हणून दोन शब्द. घोट्याच्या आतल्या बाजूला, काळवंडलेल्या कातडीत, पाय सुजलेला असताना झालेली जखम बहुधा अशुद्ध रक्ताच्या शिरांची असते. ती दिवसभर उभे राहणाऱ्या आचाऱ्यांत, कंडक्टरांत, न्हावीकाम करणाऱ्यांत फार दिसते. तिला मलम नको, घोट्याशी पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरएवढा दाब देणारी बहुथरी पट्टी हवी, अर्थात धमन्या चांगल्या आहेत हे पाहून. आणि शिरांवर लेझरसारखा उपचार लवकर केला तर जखम लवकर भरते हे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसून आले आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरील जखमेला दर दोन तासांनी कूस बदलण्याला पर्याय नाही. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी, पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी राहील असे पाहावे. आणि मधुमेह नसताना बधिर पायावर जखम झाली तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रातून तो गेलेला नाही, आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

वडिलांकडे परत येतो. साखर आटोक्यात येईपर्यंत जखमेचे काही करायचे नाही, असे काही ठिकाणी सांगतात. ते खरे नव्हे, कारण संसर्गच साखर वाढवत असतो. दोन्ही कामे एकाच वेळी करायची, आणि त्यासाठी काही महिने इन्सुलिन लागले तर घाबरू नये. जेवणाच्या बाबतीत मात्र घरातल्या ज्येष्ठ बायकांशी थोडे भांडावे लागेल. 'पू धरेल' म्हणून डाळ बंद, अंडे बंद, वांगे बंद, आंबट बंद, असे करत रुग्णाला भाकरी आणि दुधी भोपळ्यावर आणलेले मी रोज पाहतो. जखम भरायला शरीराच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम, आणि एका अंड्यात ती जेमतेम सहा ग्रॅम असतात. मूत्रपिंडे अधू असतील तरच प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तंबाखू आणि विडी पूर्ण बंद. दुकानात बसल्या बसल्या चुना मळण्याची सवय असेल तर तीही.

अंगठा काढणे कधी योग्य? तो काळा पडून मेला असेल, हाडाचा संसर्ग सांध्यापर्यंत पसरला असेल, किंवा पू पायात वर चढत असून जीव वाचवायचा असेल तेव्हा. तेव्हा वेळ दवडू नये. ताप, थंडी, लाली झपाट्याने वर सरकणे, दुर्गंधी, कातडीखाली चुरचुर वाजणे, एखादे बोट निळे-काळे होणे, किंवा एरवी दीडशे-दोनशे असणारी साखर एकाएकी चारशेवर जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मधुमेहात गंभीर संसर्ग असूनही अनेकदा ताप येत नाही, हे विसरू नये.

हे सगळे एका छताखाली हवे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हा चांगला मार्ग आहे. ससून, केईएम, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी अशा ठिकाणी रांग लांब असते, पण शल्यचिकित्सा, अस्थिरोग आणि मधुमेहाचे डॉक्टर एकाच आवारात सापडतात. दाखल होऊन करायच्या शस्त्रक्रियांपैकी अनेक महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात आणि तिची मर्यादा आता प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी गाठून कोणती शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते हे विचारावे. बाह्यरुग्ण विभागातल्या आठवड्याच्या ड्रेसिंगचा खर्च बहुधा आपल्यालाच करावा लागतो, त्याची तजवीज ठेवावी.

जखम भरली की नेहमीच्या अंगठ्याच्या चप्पलेवर परत जायचे नाही. बरी झालेली अशी जखम वर्षभरात सुमारे चाळीस टक्के रुग्णांत पुन्हा होते, कारण संवेदना परत आलेली नसते. मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराचा तळ, मागे पट्टा आणि बोटांत काही अडकणार नाही अशी चप्पल घरात घालायची एक आणि बाहेरची एक, अशा दोन घ्याव्यात; देवघरापर्यंतही अनवाणी जायचे नाही. आषाढी वारीनंतरचे पंधरा दिवस आणि चैत्र-वैशाखात देवळांच्या फरश्या तापल्यानंतरचे दिवस आमच्या ओपीडीत फोड आलेल्या, भाजलेल्या तळव्यांचे असतात. रोज रात्री तळवे कोणीतरी दिव्याखाली पाहावेत. वडिलांना वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा.

पुढच्या डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी पिशवीत घ्या: आधीच्या सर्व औषधांची नावे तारखांसह, काढले असतील ते सगळे एक्स-रे आणि डॉप्लर, आणि वडील दुकानात जाताना घालतात ती चप्पल. नवी, दाखवण्यापुरती घेतलेली नको. रोजची, झिजलेली आणा. ती कुठे झिजली आहे ते जखमेच्या जागेशी ताडून पाहता येते.